दाजींच्या जिभेचा एमआरआय

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आले... हसायला. वडाखालची बाई, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी मुलगी. माझा नवरा म्हणतो, तू भुतालासुद्धा आधी फॉर्म भरायला लावशील. खरंय ते. मी सोळा वर्षं एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. माणसाच्या आत काय असतं ते दिवसातून बारा-चौदा वेळा बघते, आणि मांस, हाड, चरबी, पाणी यापलीकडे मला तिथे कधी काही सापडलेलं नाही. तेव्हा हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. मला राग आलाय म्हणून लिहितेय. झालं त्याला सहा महिने होऊन गेले तरी तो उतरलेला नाही.

आमचं सेंटर मुलुंड पश्चिमेला एका कमर्शियल इमारतीच्या तळघरात आहे. वर फरसाणाचं दुकान, बाजूला झेरॉक्सवाला, जिना उतरून खाली आम्ही. मंगळवार होता, सकाळचे पावणेअकरा. रिसेप्शनवर दोन बायका एकमेकींना गुडघेदुखीवर औषधं सुचवत होत्या. म्हणजे वातावरणनिर्मिती वगैरे काहीही नव्हती, हे आधी लक्षात घ्या.

त्याच्या जरा आधी एका सर्जनचा फोन आला होता. तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतात, आमच्याकडे नेहमी पेशंट पाठवतात.

"सुजाता, एक जिभेचा पेशंट येतोय. शुक्रवारी घेतोय त्याला. मला दोन गोष्टी सांग. गाठ खोल किती गेलीय, आणि जिभेची मधली रेघ ओलांडलीय का. रेघ मोकळी असेल तर अर्धी जीभ ठेवता येईल, माणूस थोडंफार बोलेल तरी. पण इमेज हलली आणि मला काही कळलं नाही, तर मी रिस्क घेणार नाही. जवळजवळ सगळी काढीन."

"आज नाहीच जमलं तर परत कधी बोलवू?"

"परत वगैरे नाही गं. आधीच फार उशीर करून आलाय तो."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जिभेवरची जखम टॉर्च मारूनही दिसते. ती आत किती शिरलीय ते दिसत नाही, त्यासाठी एमआरआय. आता जीभ हा शरीरातला सगळ्यात चुळबुळ्या अवयव. एकेक सिक्वेन्स, म्हणजे इमेज काढायची एक फेरी, चार-साडेचार मिनिटांचा, आणि तेवढा वेळ बोलायचं नाही, गिळायचं नाही, जीभ टाळूला लावायची नाही. आम्ही दातांमध्ये गॉजची गुंडाळी देतो, म्हणजे जीभ मोकळी राहते. तरी कोणी हललंच, तर इमेजमध्ये एकाच कडेच्या चार-चार फिकट कडा उमटतात. आमच्यात त्याला घोस्टिंग म्हणतात. हसू नका, पुस्तकात तोच शब्द आहे.

फॉर्म हातात आला. दत्ताराम... आडनाव लिहीत नाही. वय एकाहत्तर. पत्ता भांडुपचा, टेंभीपाड्यातला. आमच्या जुन्या चाळीचा.

दाजी!

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून झाला. तेवीस वर्षं ज्या माणसाला मी मनातल्या मनात "जीभ झडो तुझी" म्हणत आले, त्याच्या जिभेला गाठ आली होती, आणि ती मोजायला तो माझ्याच दारात आला होता.

आमच्या चाळीत सगळी मालवणकडची माणसं. नवरात्रात मंडळाची देवी बसायची आणि तिला नेसवायचं काम माझ्या आईचं. शालू, गजरे, आणि मंडळाची सोन्याची नथ. दाजी सेक्रेटरी, देवीच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे. मी बारावीत होते त्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पेटीत नथ नव्हती. मंडळाच्या हॉलमध्ये मीटिंग बसली. दाजी उभे राहिले आणि म्हणाले, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सुलभावैनींनी नथ काढून पदरात घेतली."

आईने त्यांच्याशी वाद घातला नाही. देवीच्या रिकाम्या चौरंगासमोर जाऊन हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. कोकणाबाहेरच्यांना सांगते, गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवासमोर मोठ्याने मागणं मागायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर तो थांबला की जमलेल्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. माणसांनी व्हय म्हटलं नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. ते घालतात पुरुष. पण त्या दिवशी आईसाठी कोण घालणार होतं?

"आई माउली, आज ही तुझी लेक तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घालता..."

ती थांबली. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. कोणी बोललं नाही. बाबा खाली बघत होते. मी आईच्या मागे चार हातांवर उभी होते, सतरा वर्षांची, लाजेने मेलेली. मीही बोलले नाही.

"ज्यान माझ्यार खोटो आळ घातल्यान..."

परत थांबली. परत शांतता. मग तिने हात खाली घेतले, घरी आली, भात लावला, आणि त्यानंतर ती कधीच बोलली नाही. तेरा वर्षं. घशाचे डॉक्टर झाले, मनाचे झाले, दोघांनी सांगितलं, आवाजाला काही झालेलं नाही. माझ्या लग्नात तिने मला जवळ घेतलं तेही गप्पच. मी नोकरीला लागल्यावर सहा वर्षांनी ती गेली. तिचा आवाज आमच्याकडे कशात म्हणजे कशातच नाही. तेव्हा कुणाकडे होते असे मोबाईल!

तर असे हे दाजी. मुलाचा हात धरून आत आले. वाळून गेले होते. मी मास्क लावलेला, डोक्याला टोपी, गळ्यातल्या कार्डावर सासरचं आडनाव, त्यांनी मला ओळखणं शक्यच नव्हतं. मुलाला, नितीनला, बाहेर बसवलं आणि म्हटलं, "काका, आ करा." तर गालात तंबाखू! मळून नीट बसवलेली. जिभेच्या कॅन्सरचा एमआरआय काढायला तंबाखू धरून येणारा हा काही माझा पहिला पेशंट नव्हे, पण त्या दिवशी माझं डोकंच सरकलं.

"थुंका ती. लाज वाटते का काही?"

"झिलाक सांगू नकात," ते जड जिभेने म्हणाले. मुलाला सांगू नका.

चूळ भरायला लावली, मशीनच्या टेबलवर घेतलं, दातांत गॉज दिला, कानांवर हेडफोन चढवले, चेहऱ्यावर कॉइलचा पिंजरा लावला, हातात रबरी फुगा दिला. त्रास झाला तर तो दाबायचा, बाहेर अलार्म वाजतो. नेहमीचं सगळं सांगितलं, बोलायचं नाही, गिळायचं नाही, आणि जड दार लावून मी काचेपलीकडे कन्सोलवर, म्हणजे मशीन चालवायच्या कॉम्प्युटरवर, येऊन बसले. माझ्या डाव्या हाताला प्राजक्ता, आमची नर्स.

पहिला सिक्वेन्स पूर्ण हलला. बघण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

मी माइकचं बटण दाबून म्हटलं, "काका, जीभ हलवू नका." पुन्हा सुरू केलं. तोही फुकट.

तिसऱ्या वेळी मी इमेजकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत बसले. आत एक छोटा कॅमेरा असतो, त्यात पेशंटची हनुवटी आणि गळा दिसतो. दाजींचा जबडा हलत होता. हलायचा, थांबायचा. दहा-बारा सेकंद अगदी शांत पडायचे, मग पुन्हा तेवढाच हलायचा. गॉज दातांत धरून हा माणूस काहीतरी म्हणत होता, ठरावीक अंतराने, प्रत्येक वेळी तेच. प्राजक्ता म्हणाली, "जप करतात वाटतं."

मला कळलं होतं काय ते. लहानपणापासून त्या ठेक्यावर मी ते दोन शब्द इतक्यांदा म्हटले होते की माझे ओठ आपोआप हलले. मी तोंडावर हात दाबून धरला.

"ताई, पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह लिहा आणि उतरवा ना," प्राजक्ता म्हणाली. "मागे अकराचा पेशंट बसलाय."

आता नीट ऐका, कारण इथे मी काही चांगली बाई नाही. मी तसं लिहू शकत होते. कोणी मला एका शब्दाने विचारलं नसतं. तीन प्रयत्न झाले, पेशंट हलला, संपलं. शुक्रवारी सर्जनने सगळी जीभ काढली असती आणि माझे हात स्वच्छ राहिले असते. 'नॉन-कोऑपरेटिव्ह' लिहायला मी कीबोर्डवर बोटं ठेवलीही होती. दया आली म्हणून थांबले नाही. या माणसाला आत काय ऐकू येतंय ते मला हवं होतं म्हणून उठले.

टेबल बाहेर ओढलं, पिंजरा काढला, गॉज काढला.

"काय बोलत होता तुम्ही?"

"तुमीच तर गाऱ्हाणा घालीत होतास," दाजी म्हणाले. चेहरा अगदी भाबडा. "बाईमाणूस गाऱ्हाणा घालता म्हणान आधी माका नवल वाटला. पण देवाचा काम, गप कसा रवाचा? म्हणान व्हय म्हणी होतंय."

माझा हात माइकच्या बटणावर नव्हता. तिन्ही वेळा नव्हता. प्राजक्ता शेजारीच होती.

"गाऱ्हाण्यात काय होतं? सगळं सांगा. एकही शब्द गाळू नका."

त्यांनी सांगितलं. मी शक्य तितकं जसंच्या तसं लिहितेय. आई माउली, ही तुझी लेक गाऱ्हाणा घालता... व्हय म्हाराजा. ज्यान माझ्यार खोटो आळ घातल्यान... व्हय म्हाराजा. ज्या तोंडान माका चोर म्हटल्यान, त्या तोंडातली जीभ जाग्यार रवाक नको... व्हय म्हाराजा. तुझ्या नावाचे अकरा तांदूळ पदराक बांधून ठेवलंय, तूच माझी साक्ष... व्हय म्हाराजा.

पहिली दोन वाक्यं हॉलमधली. ती साठ-सत्तर जणांनी ऐकली होती. पुढची दोन आईने तिथे म्हटलीच नव्हती. आणि तांदूळ? आई गेली तेव्हा तिच्या पदराची घट्ट गाठ मी सोडली होती. आत पिवळे पडलेले तांदळाचे दाणे होते. मोजले, अकरा. ते मी तुळशीत टाकले आणि आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. बाबांना नाही, नवऱ्याला नाही. कशासाठी बांधले होते तेच मला ठाऊक नव्हतं.

"ह्या सगळ्याला तुम्ही व्हय म्हणालात? जीभ जागेवर राहू नये, त्या वाक्यालाही?"

"व्हय. थंय थांबली ती. दोन दोन वेळा म्हटल्यान आणि थांबली." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "बाई... तुमीच म्हणी होतास ना?"

मी मास्क काढला. "मी सुलभाची मुलगी. सुजाता."

त्यांनी हातातला फुगा दाबला. मी समोर उभी असताना दाबला, आणि दाबतच राहिले. बाहेर अलार्म ठणाणा वाजायला लागला, प्राजक्ता धावत आली, तिच्या मागून नितीन. अशा वेळीसुद्धा मी त्याला दारात अडवून घड्याळ, मोबाईल, किल्ल्या बाहेर ठेवायला लावल्या, मशीनचं चुंबक ओढून घेतं म्हणून. सवय. मग त्याला आत घेतलं आणि म्हटलं, "दाजी, शुक्रवारनंतर तुम्हाला बोलता येईल की नाही माहीत नाही. नथ कुठे गेली ते आत्ता सांगा. मुलासमोर सांगा."

मला वाटलं होतं, ह्यांनीच चोरली असणार. तेवीस वर्षं मी तेच धरून चालले होते.

"नथ गावली होती," दाजी म्हणाले.

"काय?"

"दुसऱ्याच वर्षी. पेटी उघडलंय तर शालवाच्या घडयेत. कोणी चोरूकच नाय."

विसर्जनानंतर देवीचा शालू घडी घालून पेटीत जातो आणि पुढच्या नवरात्रापर्यंत ती घडी मोडत नाहीत, आमच्याकडे तसा नेमच आहे. नथ शोधताना अख्खी पेटी उपसली, पण देवीच्या शालूला हात लावायचा नाही म्हणून सगळ्यांनी तेवढा बाजूला ठेवला. त्यातच नथ अडकली होती. वर्षभर.

"मग बोलला का नाहीत?" हे नितीनने विचारलं.

"सगळ्यांसमोर डोळ्यांनी बघितलंय म्हणान बसलेलंय रे. मगे काय सांगतलंय असतंय?"

म्हणजे तेव्हा त्यांनी काही बघितलंच नव्हतं. किल्ली आपल्याकडे, नथ नाही, उद्या लोक आपल्यालाच विचारतील, म्हणून आपण आधी बोट दाखवून मोकळं व्हायचं. एवढंच. आणि नथ सापडल्यावर ती त्यांनी मूर्तीसोबत खाडीत सोडली. स्वतःच्या हाताने. त्या वेळी आई गप्प होऊन एकच वर्ष झालं होतं. त्या दिवशी या माणसाने एक वाक्य खरं बोललं असतं ना... तर माझी आई माझ्याशी बोलली असती. बारा वर्षं बोलली असती.

मी त्यांना मारलं नाही. मारावंसं वाटलं, दोन्ही हातांनी. "मंडळात जाऊन सांगा, उद्याच," म्हटलं. नितीन म्हणाला, "मी नेतो यांना. नाही गेले तर उचलून नेतो."

मग मी दाजींच्या दातांत परत गॉज दिला, पिंजरा चढवला आणि चौथ्यांदा मशीन सुरू केलं. जबडा एकदाही हलला नाही. सोळा वर्षांत जिभेची इतकी स्वच्छ इमेज माझ्या हातून निघालेली नाही. एकेक स्नायू वेगळा काढून दाखवावा तसा दिसत होता. आणि गाठही तशीच स्वच्छ दिसत होती. मधली रेघ तिने केव्हाच ओलांडली होती. मी पुढून बघितलं, आडवं बघितलं, बाजूने बघितलं. शंकेला जागाच नव्हती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मोठ्याने. कन्सोलवर बसून, स्क्रीनकडे बघत.

"काय म्हणालात ताई?" प्राजक्ताने विचारलं.

"काही नाही. पुढचा पेशंट घे."

बुधवारी संध्याकाळी दाजी हॉलमध्ये गेले. मीही गेले, लग्नानंतर पहिल्यांदाच. जुन्यांतली पंधरा-वीस माणसं उरली असतील, बाकी सगळे दिवा, बदलापूरकडे राहायला गेले. दाजी अडखळत, लाळ पुसत, पण सगळं बोलले. बोलून झाल्यावर सगळे गप्प. तेव्हा गप्प होते, आताही गप्प! एक काका म्हणाले, "जाऊ दे बाय, झाला गेला." दुसऱ्या कोणीतरी चहा सांगितला. मी तो चहा घेतला नाही, आणि त्यांच्यातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघून मग बाहेर पडले. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. पण ती एकाच्याच पाठीत बसते आणि बाकीचे सुटतात, हे मला अजून पटलेलं नाही.

आता स्पष्टीकरणं. कंपनीचा इंजिनिअर येऊन इंटरकॉम उघडून गेला. बटण दाबल्याशिवाय आवाज आत जातच नाही, बटण अडकतही नव्हतं. हेडफोनमध्ये आम्ही गाणी लावतो, ती त्या दिवशी बंद होती. बाहेरचा रेडिओ, मोबाईल म्हणाल तर त्या खोलीला चारी बाजूंनी तांब्याचं अस्तर असतं, सिग्नल शिरूच नये म्हणून. रिपोर्टिंग करणारे आमचे डॉक्टर म्हणाले, मशीनचा ठोका एकसुरी असतो, त्यात पेशंटना शब्द ऐकू येतात, त्यात मनात पाप असलं की झालंच. असेल. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण अकरा तांदळांचं काय, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "तू कधीतरी कुणाला तरी बोलली असशील." नाही हो, बोलले नाही.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. जीभ गेली. मागे अगदी थोडीशी राहिली.

दहाव्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले. फळं वगैरे घेऊन नाही. बघायला गेले होते, डोळे भरून. गळ्यात भोक पाडून नळी, नाकातून नळी, मानेला बँडेज, उशीजवळ एक वही आणि पेन. नितीन मला खुर्ची देऊन औषधं आणायला खाली गेला. मी पाठ करून आलेली वाक्यं होती. माझ्या आईसारखे गप्प बसा आता, असं काहीतरी. चांगली धारदार.

त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी विचारलं, "दाजी, आत मशीनमध्ये... माझ्याबद्दल काही बोलली का ती?"

कारण हेच मला त्या मंगळवारपासून खात होतं. ती बोलली. तेवीस वर्षांनी बोलली, माझ्या कन्सोलपासून दहा पावलांवर बोलली, आणि कुणाशी, तर या माणसाशी! मी एक काच आणि एक दार सोडून बसले होते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आणि का येईल? हॉलमध्ये तिच्या मागे उभं राहून मी तरी कुठे व्हय म्हटलं होतं?

दाजींनी उशीजवळचं पेन चाचपून घेतलं. मग वही पोटावर घेऊन हळूहळू लिहिलं, पान फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

"व्हय. पोर ल्हान होती म्हणाली. तिचो राग नाय."

सेंटरमध्ये मी त्यांना एकही शब्द गाळू नका म्हणून बजावलं होतं. तेव्हा हे वाक्य त्यात नव्हतं. मी वर बघितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तो कागद माझ्या पर्समध्ये आहे, रोज काढून वाचते. आवाज कुठून आला ते मला माहीत नाही, कुणी सांगू शकेल असंही आता वाटत नाही. दाजींना मी माफ केलेलं नाही, त्यांची जीभ गेली याचं मला वाईटही वाटत नाही. हा माणूस किती सहज खोटं बोलतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? फक्त हे एक वाक्य त्याने खोटं लिहिलेलं नसावं.